घरावरचं माशावर गेलं

कोपरीत वासाचा तुटवडा कधीच नव्हता. मीठबंदराकडून वारा सुटला की खाडीला ओहोटी लागली हे पंचांग न उघडता कळतं. 1853 साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हा रुळांनी चेंदणी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले. पण वाळत घातलेल्या बोंबलांचा वास अजूनही पूर्वेकडून पश्चिमेकडे बिनतिकीट ये-जा करतो. कोपरी कॉलनीतल्या सिंधी घरांतून सकाळी भाजलेल्या पापडाचा वास येतो, संध्याकाळी कढीच्या फोडणीचा. पालिकेचं मलप्रक्रिया केंद्रही कोपरीतच आहे. त्याविषयी अधिक काही लिहीत नाही.

अशा सुखवस्तू वस्तीत लॅव्हेंडर आलं.

लॅव्हेंडरचं झुडूप प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस आमच्या सोसायटीत नाही, आणि त्याचा वास न ओळखणाराही नाही. उद्या यांच्यापैकी कोणी युरोपच्या सहलीला गेला आणि टूरवाल्यांनी त्याला फ्रान्समधल्या त्या जांभळ्या शेतात नेऊन उभं केलं, तर तो आजूबाजूला बघून पहिला प्रश्न विचारील, "बाथरूम कुठल्या बाजूला?"

आता घरटी वासांची व्यवस्था अशी असते: संडासात लटकणारी वडी, बेसिनच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या, कपाटात आणखी गोळ्या, हॉलमध्ये भिंतीवरचं यंत्र. हे यंत्र ठरावीक वेळाने आपणहून फुस्स करतं. पाहुणे दचकतात आणि यजमानांकडे संशयाने बघतात. तिन्हीसांजेला ऊद, देवासमोर अगरबत्ती, आणि हल्ली विजेवरची कापूरदाणी. रविवारी एवढ्या सगळ्यांच्या मधोमध बोंबील तळले जातात. मग खिडक्या बंद करून फवारा मारतात. तळलेल्या बोंबलावर लॅव्हेंडर मारलं की बोंबील जात नाही, लॅव्हेंडरही धड येत नाही. दोघांच्या संमतीशिवाय तिसरंच काहीतरी जन्माला येतं. कारण बहुतेक फवारे वास घालवत नाहीत, वर आणखी एक वास चढवतात. आमचा भाऊबीज-रक्षाबंधनाला एकदम जमणारा गोतावळा आणि हे फवारे, दोघांचं तत्त्व एकच: आधी आलेला कोणी जाणार नाही, नवे मात्र येत राहतील.

लिंबाच्या वासाचा फवारा जरा सभ्य वाटतो. त्यातल्या लिमोनीनची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की थोडंफार फॉर्माल्डिहाइड तयार होतं. पाण्यात विरघळवलं की तेच फॉर्मेलिन, शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात वर्षानुवर्षं आपल्याकडे बघत असतो ते. 2018 साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन मारतात म्हणून केवढं रान उठलं होतं! सरकारला बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. ताटातल्या माशाला रसायन लागलं की आपण विधानसभा हलवतो. हॉलमधल्या माशाला लागलं तर मात्र म्हणतो, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं."

हॉलमधला मासा आमच्याकडे शौकाने कमी आणि सल्ल्याने जास्त येतो. धंदा बसला, मुलाचं लग्न जमेना, की वास्तुवाला घर बघायला येतो. तो स्वयंपाकघर हलवायला सांगतो, ते परवडत नाही. मग तो फिशटँकवर येतो: ईशान्य कोपरा, 8 मासे सोनेरी आणि 1 काळा. सोनेऱ्यांनी लक्ष्मी आणायची, काळ्याने घरातली सगळी वाईट शक्ती ओढून घ्यायची. ही चीनची फेंगशुई की आपलं वास्तुशास्त्र, हे विचारायचं नसतं. आमच्याकडे दोन्ही एकाच व्हिजिटिंग कार्डावर असतात.

यातली खरी सोय पुढे आहे. मासा मेला तर दुःख करायचं नाही. मेलेल्या माशाकडे बघून घरातली सर्वांत वडील बाई समाधानाने म्हणते, "घरावरचं काहीतरी होतं, ते माशावर गेलं." लगेच मागची जुळवाजुळव सुरू होते. परवा याला स्कूटरवरून पडता पडता वाचवलं, ते उगाच नाही. हिचा रिपोर्ट नॉर्मल आला, तोही उगाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या घरावरची इतकी संकटं माशांवर गेली आहेत, की त्या घरात नक्की काय चाललंय असा प्रश्न पडावा.

ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या वडील बाईचं निदान अगदी बरोबर असतं. घरावरचंच माशावर जातं. कसं जातं ते बघायला टँकच्या मागे वाकावं लागतं.

तिथे एक पांढरा एक्स्टेंशन बोर्ड असतो. त्याच्या तीन खाचांपैकी पहिलीत टँकचा दिवा. दुसरीत टँकची मोटर, म्हणजे तो गुर्र करणारा छोटा एअर पंप. तिसरी रिकामी का ठेवायची, म्हणून तिच्यात डासांच्या लिक्विडचं मशीन, तोंड वर करून. मशीन वीतभर अंतरावरून वाफ सोडतं. मोटरचं काम एकच: खोलीतली हवा खेचायची आणि नळीतून पाण्याच्या तळाशी नेऊन सोडायची. नळीच्या टोकाच्या दगडातून मोत्यांसारखे बुडबुडे वर येताना दिसतात आणि पाहुण्यांची मुलं टाळ्या वाजवतात. खोलीत जे जे उडवलं, जाळलं, फवारलं त्याचा वाटा त्या बुडबुड्यात असतो. आपल्याला शिंक आली तर आपण गॅलरीत जाऊ शकतो. माशाची खोली, हवा आणि ताट, तिन्ही म्हणजे ते पाणी.

त्यातल्या त्यात बिचारा फायटर. या माशाला आणि गुरामीला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचा एक जादा अवयव असतो, त्यामुळे तो मधूनमधून वर येऊन खोलीतली हवा थेट गिळतो. म्हणून दुकानदार त्याला मोटरशिवाय छोट्या बरणीत ठेवायला देतात. म्हणजे जो मासा स्वतः पृष्ठभागावर येऊन श्वास घेणार, त्याची बरणी आपण टीपॉयवर ठेवायची, आणि टीपॉयच्या वरच्या भिंतीवर ते फुस्स करणारं यंत्र.

पण नुसत्या सुगंधाला फाशी देऊ नये. फवाऱ्याचा एक फुसकारा गेला म्हणून मासे लगेच उलटे होत नाहीत. टँकवर झाकण असेल, खिडकी उघडी असेल, तर बरंचसं निभावून जातं. आपल्याकडचे निम्म्याहून अधिक मासे, असं माझं मत, प्रेमाने मरतात. घरातला प्रत्येक माणूस "सकाळपासून उपाशी आहे गं" म्हणून चिमूटभर दाणे टाकतो, उरलेलं कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो. दुसरे मरतात स्वच्छतेने: सगळं पाणी एकदम ओतून नळाचं क्लोरीनवालं भरल्यामुळे. हायपोचे दोन खडे टाकायचे असतात, ते पुडीतच राहतात.

खरा गुंड आहे तो डासांचा आणि झुरळांचा फवारा. त्याचा आणि सुगंधाचा डबा दिसायला जुळे, शेजारी शेजारी एकाच फळीवर, दोघांवर फुलं. पण एकात सुगंध असतो आणि दुसऱ्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक. या कुळाचं मूळ पायरेथ्रम, आणि पायरेथ्रम मिळतं शेवंतीच्या भाऊबंदांतल्या एका फुलापासून. त्यामुळे "आमचं नैसर्गिक आहे" असं सांगणारा विक्रेता खोटं बोलत नाही; तसं कण्हेरीचं फूलही नैसर्गिकच. माणसाचं शरीर हे औषध चटकन मोडीत काढतं. माशाला ते जमत नाही, आणि कल्ल्यांमधून ते सरळ रक्तात उतरतं. ट्रान्सफ्लुथ्रिन, पर्मेथ्रिन ही आपल्या मशीन-फवाऱ्यांतली नावं. माशांना जड जाणारी त्यांची मात्रा मोजायला मिलिग्रॅम मोठे पडतात. लिटरमागे मायक्रोग्रॅमची भाषा लागते.

"पण डब्यावर धोक्याचा त्रिकोण लाल नाहीये," असं काका म्हणतात. काकांनी लेबल वाचलं, याबद्दल त्यांचा सत्कार व्हायला हवा. आपल्याकडे कीटकनाशकांच्या लेबलावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग असतात, उतरत्या विषारीपणाने. मात्र तो रंग ठरतो प्रयोगातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जिवावर. उंदराला हिरवं म्हणजे माशाला हिरवं नव्हे. माशांविषयीचं वाक्य खाली वेगळं असतं, मुंगीच्या अक्षरांत: फवारण्यापूर्वी फिशटँक झाकावा, पाळीव प्राणी दूर न्यावेत. ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा आणायला जाईपर्यंत झुरळ कपाटाखाली जातं.

यात एक ठाणेकरी नाट्य आहे. पावसाळ्यात मलेरिया खात्याची माणसं येऊन साचल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात. त्रिनिदादमधल्या एका गप्पीसाहेबाने हा मासा लंडनला धाडला आणि 1866 साली त्याच्या नावाने बारसं झालं; पुढे तो जगभर डासांच्या अळ्या खात सुटला. म्हणजे खालच्या डबक्यात सरकारचा पगार न घेणारा मासा डास मारतोय आणि वर हॉलमध्ये आपण डासासाठी लावलेल्या मशीनने त्याच्याच भावाला मारतोय. डास दोन्हीकडे खुशाल आहेत. खाडी आणि खारफुटी जवळ असल्यामुळे त्यांची तिसरी पिढी कोपरीतच शिकली आहे. धुराची गाडी आली की आपण धडाधडा खिडक्या लावतो, तेव्हा शहाणे डास आधीच आत आलेले असतात.

मारेकऱ्यांची यादी इथे संपत नाही. टँक काचेचा, म्हणून तो काच पुसायच्या निळ्या पाण्याने पुसला जातो. त्या निळ्या पाण्यात बऱ्याचदा अमोनिया असतो. बाहेरून फुस्स केलं की त्यातलं थोडं वरच्या कडेवरून आत जातंच. पुसणाऱ्या ताई खूश, कारण मासे आता स्वच्छ दिसतात, आणि ते कडेला येऊन तोंड उघडमिट करायला लागले की ताई म्हणतात, "ओळखायला लागलेत मला." नातू डासांचं मलम चोपडलेल्या हाताने दाणे टाकतो. करोनाच्या काळात सॅनिटायझरचे थेंब टपकणाऱ्या बोटांनी किती माशांना जेवू घातलं गेलं असेल, त्याची नोंद कुठल्याच डॅशबोर्डवर नव्हती.

मासा आडवा पोहू लागला की काका अक्वेरियमच्या दुकानात जातात. माशाचा डॉक्टर गाठणं सोपं नाही. गाय, कुत्रा, घोडा असता तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण दीड इंचाचा मासा हातात घेऊन लोकलने परळला जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुकानदार हाच डॉक्टर.

"काय होतंय?"

"वर येऊन हवा खातोय. अंगावर झटके येतायत."

"पाणी बदललं?"

"बदललं."

"मीठ टाकलं?"

"टाकलं."

"मग निळं औषध घेऊन जा. आणि जोडीला दोन गोल्डफिश देऊ का? एकटं पडल्यावर मासा खचतो."

काल घरात काय फवारलं, हा प्रश्न तो विचारत नाही. विचारून त्याचा काय फायदा? उत्तर मिळालं तर उपाय फुकटचा निघतो: खिडक्या उघडा, मशीन दुसऱ्या खोलीत न्या, चौथाई पाणी हायपो टाकून बदला, फिल्टरमध्ये कोळशाची नवी पिशवी घाला. यातल्या फक्त कोळशाच्या पिशवीत त्याला मार्जिन आहे.

पर्शियन मांजर बाळगणाऱ्यांची वेगळीच कथा. मांजर स्वच्छ प्राणी, सारखी अंग चाटते. म्हणून जे लादीवर, गादीवर, हवेत, ते शेवटी मांजरीच्या पोटात. लादीवर फिनेलचा पोछा मारला की मांजर तत्क्षणी त्यावरून चालत जाते. कोरडी लादी शिल्लक असताना ओल्या लादीवरून जाणं हा मार्जारधर्म आहे. मग सोफ्यावर बसून ती चारही पंजे निगुतीने चाटते. काळ्या फिनेलमधले फिनॉलसारखे पदार्थ माणसाचं यकृत एक रासायनिक जोडणी करून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात ती सोयच अधू आहे. पिढ्यान्पिढ्या फक्त मांस खाल्ल्यामुळे वनस्पतींची विषं मोडायचा तो कारखाना तिने चालवलाच नाही. टी-ट्री तेल, कापूर, काड्या खोचलेल्या त्या नाजूक बाटलीतलं सुगंधी तेल, यातलं काहीही तिने चाटलं तर प्रकरण दवाखान्यात जातं. आणि कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिनवालं औषध उरलंय म्हणून मांजरीच्या मानेवर लावणारे काटकसरी लोक आहेत. कुत्र्याला जे चालतं ते मांजरीला थरथर कापायला लावतं, प्रसंगी मारतं. तिथे काटकसर नको.

कुत्रा निदान शिंकून निषेध नोंदवतो. लव्हबर्ड तेही करत नाही. पक्ष्याचं फुप्फुस हवा इतकी चोख उचलतं की इंग्रजांनी कोळशाच्या खाणीत कॅनरी नेण्याची पद्धत 1986 सालापर्यंत ठेवली होती. आमच्याकडे पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगतात, आणि खाली नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवून मोबाइलवर बोलतात. तवा जास्त तापला तर त्याच्या लेपाचा धूर माणसाला कळायच्या आत पक्ष्याला कळतो.

राहता राहिली ती सुरुवातीची संडासातली वडी. ती पॅराडायक्लोरोबेन्झीनची असेल, तर युरोपियन युनियनने 2014 साली नियम करून तिला घरांतून आणि सार्वजनिक संडासांतून बाहेर काढलं आहे. आमच्याकडे ती लग्नाच्या हॉलमध्ये बर्फाच्या खड्यांबरोबर थाटात नांदते.

हे सगळं सोसायटीपर्यंत गेलं ते पेस्ट कंट्रोलमुळे. फवारणारा माणूस डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हातमोजे अशा पोशाखात येऊन प्रत्येक दारात सांगतो, "हर्बल आहे साहेब, लहान मुलाने चाटलं तरी काही होत नाही." वार्षिक सभेत काका उभे राहिले. "माझ्याकडे नऊ मासे आहेत. फवारणीची नोटीस आधी मिळाली पाहिजे. टँक झाकायचा असतो, मोटर बंद करायची असते."

सेक्रेटरी म्हणाले, "मासे मेंटेनन्स भरतात का?"

खजिनदारांनी वहीत बघून सांगितलं, "काकांचाच बाकी आहे, मासे लांब राहिले."

बऱ्याच गदारोळानंतर ठराव झाला आणि लिफ्टशेजारी नोटीस लागली: "रविवारी पेस्ट कंट्रोल असल्याने सर्व सभासदांनी आपापले मासे झाकून ठेवावेत." रविवार हा कोपरीत मासे आणायचा वार. सभासदांनी सूचनेचं काटेकोर पालन केलं. घरोघरी सुरमईवर ताट, बांगड्याच्या कालवणावर ताट, त्यावर पाटा. खुद्द काकांच्या घरी काकूंनी हलव्याच्या तुकड्या फ्रीजमध्ये टाकल्या, आणि हॉलमधला टँक उघडा, मोटर चालू. काका भाजी आणून वर आले म्हणून वाचले सगळे. त्यांनी पिन उपटली, टँकवर ओला टॉवेल पसरला आणि तसेच खाली येऊन सेक्रेटरींसमोर उभे राहिले. सेक्रेटरींनी खिशातलं पेन काढून नोटिशीत "मासे" शब्दाच्या आधी "जिवंत" असं घुसवलं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या, मूळच्या चेंदणीच्या आजी दार उघडून म्हणाल्या, "सेक्रेटरी, माझ्या चिंबोऱ्या जित्या हायेत टोपात. त्यांना ही नोटीस लागू का?"

सेक्रेटरींनी फवारणाऱ्याकडे पाहिलं. त्याने पंप खाली ठेवला, मास्क हनुवटीवर ओढला आणि टोपात डोकावून पाहिलं. पाय बांधलेल्या सहा-सात चिंबोऱ्या फेस काढत बसल्या होत्या.

"आजी, माझ्या औषधाला झुरळ आणि चिंबोरी एकच," तो म्हणाला. "तुम्ही आधी रस्सा करून घ्या. मी चार वाजता येतो."